कबुतरवाल्याची साक्ष

अलेप्पोत पोर बोलायला लागलं की दोन गोष्टी आधी शिकतं. पिस्ता दातानं कसा फोडायचा, आणि कबुतरवाल्याची साक्ष काजी घेत नाही. दुसरी गोष्ट का, असं विचारायची सोय नाही. पण आमच्या कल्लासे मोहल्ल्यात राहून कद्दूरला ओळखलं असतंत, तर विचारावंसं वाटलंच नसतं.

कद्दूर पोटापाण्यासाठी घरं रंगवायचा आणि जगायचा तो गच्चीवर. गच्चीवर फळकुटांची ढाबळ, ढाबळीत साठ-सत्तर कबुतरं, पायांत मण्यांचे वाळे घातलेली. दुपारची नमाज झाली की हा काळं फडकं बांधलेली काठी घेऊन वर चढे, शीळ घाली, आणि थवा आभाळात गरगरायला लागे. शेजारच्या गच्चीवरचा थवाही वर असे. दोन थवे एकमेकांत शिरले की एखादं परकं पाखरू चुकून ह्याच्यासोबत खाली उतरे. कद्दूर चार दाणे टाकी आणि ते अलगद उचलून कोटात घाली. मग त्याचा मालक जिना चढून यायचा, आणि कद्दूर कुराणावर हात ठेवून सांगायचा, ‘अल्लाशपथ भावा, तुझं पाखरू मी पाहिलंसुद्धा नाही.’ सगळेच कबुतरवाले असं करत. पकडलेलं पाखरू परत द्यायचं नाही आणि खोटी शपथ घ्यायला लाजायचं नाही, हा त्या धंद्याचा रिवाजच. वर दिवसभर गच्चीवर उभं राहायचं, म्हणजे लोकांच्या अंगणात बायका काय करतात ते दिसणार. मग काजीनं अशा माणसाची साक्ष का घ्यावी?

कद्दूरला त्याचं काही वाटत नसे. तो म्हणे, मला कुठं कोर्टात जायचंय. त्याची बायको बदीआ मात्र कबुतरांना सवती म्हणायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. ‘माझ्या सवतींना दाणे आधी, मग मला भाकर,’ असं ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे आणि मग स्वतःच दाणे निवडायला बसे.

आता जे सांगायचं ते हस्नाचं. हस्ना आमच्याच गल्लीतली, समोरच्या घरातली. सात-आठ वर्षांची असताना तिच्याकडे एक पांढरी कबुतरी होती, बापानं ईदला आणून दिलेली. एक दिवस ती उडाली आणि कद्दूरच्या थव्यात मिसळली. पोरगी जिना चढून वर आली. रडत नव्हती. चाचा, माझी पांढरी आलीय का, एवढंच विचारलं. कद्दूरनं सवयीनं शपथ घेतली, आणि त्याच वेळी त्याच्या कोटातून ती घुमली. चांगली दोनदा घुमली. पोरीनं कोटाकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि ती खाली उतरली. कद्दूर त्या दिवशी जेवला नाही म्हणे. परत द्यायचं त्याच्या मनात आलंही होतं. पण तोवर शुक्रवारच्या पाखरांच्या बाजारात तिचा सौदा होऊन गेला होता. मोठा माणूस, लहान पोरीपुढं कसा वाकणार! राहूनच गेलं.

हस्ना मोठी झाली, झुहैर नावाच्या शिंप्याशी तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याला घेऊन ती त्याच घरात राहिली. मैसा झाली, मग मागून यमान. कद्दूरला ती नेहमी सलाम करी, ईदला कुब्ब्यांची, खिमा भरलेल्या तळलेल्या गोळ्यांची, थाळी धाडी. त्या पांढऱ्या कबुतरीचा विषय तिनं कधी काढला नाही. कद्दूर समजत होता की ती विसरली.

मग लढाई आमच्या शहरात आली आणि शहर मधोमध फाटलं. पश्चिम त्यांची, म्हणजे सरकारची, पूर्व ह्यांची, म्हणजे बंडखोरांची, आणि मधे रिकाम्या घरांचा एक पट्टा, जिथं मांजरांखेरीज कुणी जात नसे. आम्हाला वाटलं, रमजान संपेपर्यंत मिटेल. चार वर्षं झाली. आमचं घर पूर्वेत, आणि पट्टा तिथून इतका जवळ की पलीकडचा कुकर वाजला तर इकडं ऐकू येई. हेलिकॉप्टरं स्फोटकं भरलेली पिंपं टाकत. ती यायच्या जरा आधी कद्दूरची कबुतरं ढाबळीत दबकून बसत, आणि ती दबकली की अख्खी गल्ली तळघरात पळे. बघा गंमत. कबुतरांवर गल्लीचा विश्वास, कद्दूरवर नाही.

झुहैरचं दुकान त्या पट्ट्यात अडकलं होतं. शिवणयंत्रं आत, आणि शिंपी बाहेर हात चोळत. २०१६च्या वसंतात त्याच्या मनानं घेतलं की निदान एका यंत्राचं डोकं उचलून आणू, चार कपडे शिवू, पोरांच्या तोंडात घास पडेल. बायकोला सांगून सकाळी तो गेला. कद्दूर तेव्हा गच्चीवर पाखरांचं पाणी बदलत होता. त्याच्या गच्चीवरून शिंपीआळीचा मागचा बोळ दिसतो, अख्ख्या मोहल्ल्यात तेवढ्या एका गच्चीवरून. त्यानं झुहैरला बाहेर येताना पाहिलं. घोंगडीत गुंडाळलेलं यंत्र त्यानं तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं. बोळ ओलांडायला चार पावलं राहिली असतील. गोळी कुठून आली ते कळलं नाही. झुहैर बसला, मग आडवा झाला.  कद्दूर कठड्याआड बसून बघत राहिला, की हलेल, आता हात हलेल. हात हलला नाही. दुपारकडे एक तोफगोळा आला आणि दुकानाची भिंत अख्खी त्या बोळात बसली. मग बघायलाही काही उरलं नाही.

कद्दूर खाली उतरला आणि हस्नाकडं गेला. ती उंबऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होती. त्यानं सांगितलं, जसं पाहिलं तसं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता.  हस्नानं जुडी खाली ठेवली.

‘शपथ घ्या,’ ती म्हणाली.

त्यानं कोनाड्यातलं कुराण उतरवलं आणि हात ठेवून शपथ घेतली. हस्ना त्याच्या कोटाकडं बघत होती.

‘त्या वेळीसुद्धा अशीच घेतली होती, चाचा,’ असं म्हणून ती पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली.

कद्दूर तिथंच उभा राहिला.  सत्तरीच्या घरात आलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खरं बोलला होता, आणि ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं. वर दुसऱ्या दिवशी आघाडीवरच्या पोरांनी बातमी आणली की त्या पट्ट्यात पलीकडच्यांनी दोन माणसं जिवंत धरून नेलीत. झालं! साऱ्या गल्लीनं ठरवून टाकलं की त्यातला एक झुहैर. कैदी आज ना उद्या सुटतो, अदलाबदलीत परत येतो. कद्दूरचं काय, तो गच्चीवर बसून काहीही बघेल.

हस्नाचा भाऊ सीमेपलीकडे तुर्कस्तानात होता. तो फोनवरून रोज तगादा लावी. पूर्वेतून बाहेर पडायला आता एकच रस्ता राहिला होता, कास्तेलोचा, आणि तोही सुईच्या नेढ्याएवढा. तो बंद झाला की आत अडकाल, मोटार पाठवतो, पोरांना घेऊन नीघ, असं तो काकुळतीला येऊन सांगे. हस्नाचं उत्तर ठरलेलं. झुहैर सुटला की ह्याच दाराशी येईल, दाराला कुलूप दिसलं तर त्यानं कुठं जायचं? मेलाय असं पक्कं कळलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती, हे ती स्वतःच म्हणे. पण पक्कं सांगणार कोण? पाहणारा एकच, आणि तो कद्दूर.

शेवटी बदीआनंच तोड काढली. गल्लीच्या मशिदीतले शेख अदीब यांना हस्ना फार मानायची. लहानपणी त्यांनीच तिला शिकवलेलं. बदीआ त्यांच्याकडे गेली आणि पदर पसरून बसली. शेखांनी दोघांनाही बोलावलं. कद्दूरला म्हणाले, तू पाखरं सोड. शुक्रवारी साऱ्यांसमोर तोबा कर, पुन्हा करणार नाही म्हण, ढाबळ मोडून टाक, आणि एक महिना तुझ्या गच्चीवर पीस दिसता कामा नये. मग मी तुझी साक्ष मशिदीत घेईन. हस्नाला विचारलं, मी घेतली तर तू मानशील का?  ती म्हणाली, तुम्ही मानलीत तर मानीन.

आता इथं कद्दूरनं त्याच शुक्रवारी तोबा करायला हवी होती की नाही? पण त्याची पिवळी अंड्यांवर बसली होती. पिवळी म्हणजे त्याचा जीव, तिची आजी-पणजीही ह्याच ढाबळीतली. अंड्यांवरून मादी उठवायची म्हणजे पाप, असं तो बदीआला म्हणाला. ‘तिकडे दोन पोरं आहेत, त्यांचं पाप कुणाच्या माथी?’ बदीआनं विचारलं. त्यावर तो चिडला, म्हणाला, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. अंडी फुटली, पिलं निघाली. मग पिलांना पंख फुटू देत. असे तीन शुक्रवार गेले. बाँब रोज पडतच होते, आणि हा मनुष्य पिलांची पिसं मोजत बसला होता! जित्याची खोड म्हणतात ती ही.

चौथ्या शुक्रवारी मात्र त्यानं केलं. मशिदीत सगळ्यांसमोर उभा राहून तोबा केली. ढाबळ मोडून फळकुटं शेजाऱ्यांना चुलीसाठी वाटली. पाखरं पिंजऱ्यांत भरून उत्तरेकडच्या खेड्यातल्या एका ओळखीच्या कबुतरवाल्याकडे धाडली, पै न घेता.  वर जाऊन त्यानं गच्ची झाडली आणि पुढचे कितीतरी दिवस तो दुपारी गच्चीच्या जिन्यावर नुसताच बसून राही. गल्लीतले टवाळ म्हणायचे, कद्दूर विधुर झाला. पण हळूहळू टवाळी थांबली. लोक त्याला सलाम करताना जरा थांबायला लागले. भाकरीच्या रांगेत कुणीतरी त्याला पुढचा नंबर विचारला आणि त्यानं सांगितलेला नंबर मानला. कद्दूरनं घरी येऊन हे बदीआला दोनदा सांगितलं.

हस्नाचंही मन वळत होतं. महिना संपत आला तशी तिनं भावाला मोटार ठरवायला सांगितली. कपड्यांची दोन बोचकी बांधून दारामागं ठेवली. एकदा ती बदीआकडं येऊन बसली आणि रडली. शेखांनी साक्ष घेण्याआधीच ती रडली, म्हणजे आतून तिनं मानलंच होतं म्हणायचं.

आणि साक्षीला तीन-चार दिवस उरले असताना पाखरं परत आली.

त्या खेड्यावर विमानांचा हल्ला झाला होता. तिथल्या कबुतरवाल्यानं पिंजरे उघडून दिले आणि तो स्वतः पळाला. पाखरं दुसरीकडं कुठं जाणार? जन्मल्या गच्चीकडंच येणार. दुपारची वेळ, गल्लीत बायका पाणी भरत होत्या. कुणीतरी वर बोट दाखवलं. सगळी नव्हती, वीसेक असतील. ती गच्चीवर घिरट्या घालत होती, आणि ढाबळ सापडत नसल्यानं उतरावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. कद्दूर धावत वर गेला, मागोमाग बदीआ.

करायचं काय ते उघड होतं. काळं फडकं बांधलेली काठी अजून कोपऱ्यात होती. ती फिरवायची, हाकलायचं, दिवसभर हाकलत राहायचं. थकून ती दुसरीकडं उतरली असती. गल्लीनं खालून पाहिलं असतं की कद्दूर हाकलतोय. बदीआनं काठी उचलून त्याच्या हातात दिली. ‘हलवा,’ ती म्हणाली. त्यानं काठी उचललीही. तेवढ्यात पिवळी कठड्यावर उतरली. तिचा एक पंख भाजला होता. ती चालत त्याच्या पायाशी आली आणि मान वर करून बघत उभी राहिली.

कद्दूरनं काठी खाली ठेवली. गच्चीच्या कोपऱ्यात जुन्या डब्यात तळाशी थोडे दाणे होते. त्यानं मूठ भरली आणि टाकली. बघता बघता सगळी उतरली, त्याच्या खांद्यावर, डोक्यावर. तो खाली बसून रडत होता आणि हसत होता. एवढंच. एक मूठ दाणे. ह्यापेक्षा मोठं पाप त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते करताना इतका आनंद झाला होता की त्या आनंदाची त्याला पुढं कायम शरम वाटली.

समोरच्या खिडकीत हस्ना उभी होती. तिनं खिडकी ओढून घेतली. संध्याकाळी मैसा बदीआकडं मीठ मागायला आली तेव्हा तिनं सांगितलं की आईनं बोचकी सोडली, कपडे परत खुंटीला लावले.

कद्दूर शेखांकडे गेला. पाखरं आपण बोलावली नाहीत, पुन्हा सोडून देतो, पुन्हा महिना मोजा, म्हणून विनवण्या केल्या. शेख म्हातारे होते, डोळ्यांनी अधू. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. ‘कद्दूर, तू खरं बोलतोयस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण मला ठाऊक असून काय उपयोग?’

पुन्हा महिना मोजायला वेळच मिळाला नाही. काही दिवसांतच कास्तेलोचा रस्ता तुटला आणि आम्ही आत कोंडले गेलो.

वेढ्याच्या गोष्टी मी रंगवून सांगणार नाही. ज्यांनी तो भोगला त्यांना ऐकायच्या नाहीत आणि बाकीच्यांना खऱ्या वाटणार नाहीत. आधी साखर गेली, मग डिझेल, मग दवाखाने. लोक गच्च्यांवर डब्यांतून कोथिंबीर लावत आणि तीच शिजवून खात. कद्दूरनं एकेक करून आपली पाखरं कापली. रोज एक, आणि रस्सा हस्नाच्या पोरांसाठी. स्वतःच्या हातानं कापायचा, तोंड दुसरीकडं करून. हस्ना भांडं घ्यायची, अल्ला तुमचं भलं करो म्हणायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर कद्दूरला बरं वाटलं असतं. पिवळी सगळ्यांत शेवटी कापली.

नोव्हेंबरात यमानला ताप भरला. छाती वाजत होती. औषध कुठं मिळेना. कद्दूर त्याला पाठीवर घेऊन तीन तळघरं फिरला, जिथं जिथं डॉक्टर असल्याचं कळे तिथं तिथं. शेवटच्या ठिकाणी डॉक्टर होता, पण त्याच्याकडं हात सोडून काही नव्हतं. पोर तिथंच गेलं. तीन वर्षांचं होतं. कब्रस्तानात जागा उरली नव्हती, म्हणून मशिदीमागच्या बागेत पुरलं. कद्दूरनंच खोदलं. माती सारताना त्याच्या मनात एकच घोळत होतं, की त्या दुपारी काठी हलवली असती तर हे पोर आज मामाच्या घरी भात खात बसलं असतं. त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं होतं काय त्यात? सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

डिसेंबरात सगळं संपलं. पूर्व पडली. उरलेल्यांना हिरव्या बसमधून बाहेर नेणार असं ठरलं, इदलिबकडं, जिथं अजून बंडखोरांचा ताबा होता. बर्फ पडत होतं. गल्लीतले सगळे बोचकी घेऊन निघाले. मागं राहिलेल्यांचं काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जे ऐकू येत होतं ते ऐकवत नव्हतं. हस्ना मैसाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. म्हणत होती, मी नाही येत. यमान इथं आहे, झुहैर इथंच येणार. शेख अदीब सांगून थकले, बदीआ हात ओढून थकली. मैसाचे ओठ थंडीनं निळे पडले होते.

कद्दूर तिच्यासमोर बर्फात उकिडवा बसला. आधी काय बोलायचं ठरवलं होतं ते त्याला नंतर आठवलं नाही. जे तोंडातून निघालं ते असं होतं.

‘पोरी, मी तुझ्याशी खोटं बोललो. झुहैर मेला नाही. दोघा शिपायांनी दंड धरून त्याला नेलं, तो आपल्या पायांनी चालत गेला. तुझ्या भावानं आणि शेखांनी मला सांगितलं होतं की मेला म्हण, म्हणजे ही निघेल. म्हणून म्हणालो.’

शेख मागं उभे होते. ते काही बोलले नाहीत. हस्नानं मान वर केली. किती महिन्यांनी तिच्या तोंडावर रंग दिसला.

‘कैदी सोडतात ते इदलिबच्याच बाजूला,’ कद्दूर पुढं म्हणाला. ‘ह्या बस जातात तिथंच. इथं आता त्याला कोण आणून सोडणार? तो तिकडं उतरेल आणि तू इकडं बसशील.’

ह्या वेळी तिनं शपथ मागितली नाही. ‘मला माहीत होतं,’ एवढंच म्हणाली, उठली, आणि मैसाला कडेवर घेऊन चालायला लागली. इतकी भरभर की बदीआला तिला गाठायला धावावं लागलं.

बसमध्ये बदीआ नवऱ्याशेजारी बसली होती. बस सुटल्यावर बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, ह्या खोट्याचं पुढं काय करणार आहात? कद्दूर खिडकीबाहेर बघत राहिला. 

इदलिबकडच्या एका गावात आम्हाला जागा मिळाली, विटांच्या खोल्या, वर पत्रा. हस्ना शिवणकाम करते. मैसा शाळेत जाते, हुशार आहे. दर शुक्रवारी हस्ना कद्दूरच्या घरी येते, कॉफी होते, आणि ती म्हणते, चाचा, ते सांगा. मग कद्दूर सांगतो. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगायचा. पण ती विचारत राहते. अंगावर कोणता स्वेटर होता, यंत्र हातातच होतं की खाली ठेवलं, मागं वळून पाहिलं का. आता ती गोष्ट चांगली मोठी झालीय. हिरवा स्वेटर आहे, एक शिपाई पाणी देतो, झुहैर घराच्या दिशेनं एकदा बघतो. कद्दूर सांगतो तेव्हा बदीआ उठून चुलीपाशी जाते. जिथं जिथं कैद्यांची अदलाबदल होते तिथं हस्ना जाऊन उभी राहते, पोरीचा हात धरून. संध्याकाळी परत येते.

मैसाच्या शाळेत तौफीक नावाचे मास्तर आहेत, बायको बाँबमध्ये गेलेली. सज्जन माणूस. पोरीला वडिलांसारखं शिकवतात, हिवाळ्यात हस्नाच्या पत्र्याला डांबर लावून गेले. त्यांनी मागणी घातली. हस्नानं शांतपणे निरोप धाडला की मी नवरा असलेली बाई आहे. मैसा तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मास्तर तिला हवे होते.

मास्तर गावच्या काजीकडं गेले, त्यानं तिचा नवरा मेल्याचं जाहीर करावं म्हणून. काजीनं विचारलं, नवऱ्याला शेवटचं पाहिलेलं कुणी आहे का? लोकांनी कद्दूरचं नाव सांगितलं. काजी म्हणाला, तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा ना, पहिल्या रांगेत नमाज पढणारा? त्याचा शब्द मला पुरे आहे, त्याला घेऊन या.

बघा, त्या गावात आम्ही गल्लीतले सोडून कुणाला ठाऊकच नव्हतं की तो कबुतरवाला होता. साऱ्या जन्मात पहिल्यांदा काजी त्याची साक्ष घ्यायला तयार होता. कद्दूर त्या रात्री झोपला नाही. सकाळी दाढी नीट केली, स्वच्छ अंगरखा घातला. पण काजीकडे आधी न जाता हस्नाकडे गेला. तिला न सांगता तिकडे कसं बोलणार?

ती यंत्रावर बसली होती. कद्दूर खाली सतरंजीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. घोंगडी, चार पावलं, तो कसा बसला आणि आडवा झाला, भिंत. बसच्या दिवशी आपण खोटं का बोललो ते सांगितलं. म्हणाला, पोरी, माफ कर, तो कधीच येणार नाही, तू तौफीकमास्तरांशी लग्न कर. त्याची दाढी आसवांनी भिजली होती.

हस्नानं यंत्र थांबवून सगळं ऐकून घेतलं.  मग तिनं पुढं वाकून म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आईनं पोराला समजावावं तशी म्हणाली, ‘मास्तरांनी पाठवलं ना तुम्हाला? माणूस चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण तुम्ही कशाला त्यांच्यासाठी खोटं बोलता चाचा? तुम्हाला आता ते नीट जमतही नाही.’

कद्दूरनं कोनाड्यातलं कुराण बघितलं. हात वर गेला नाही.

‘कॉफी ठेवते,’ हस्ना म्हणाली. ‘आज शुक्रवार नाही, पण आलात तर सांगाच. शिपाई दंडाला धरून नेत होते तेव्हा झुहैर लंगडत होता का? मी परवा जिथं गेले होते, तिथं लंगडणारी फार माणसं उतरली.’

कद्दूरनं बाहीनं दाढी पुसली.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘सरळ चालत होता.’